घरून नेलेले पाणी

आमच्या बीदरच्या घरात, देवघराच्या वरच्या फळीवर, एक पितळी फिरकीचा तांब्या अजून आहे. नातवंडांना त्याचे अप्रूप नाही. फिरकी घट्ट बसते, ती उघडताना हात दुखतो, एवढीच त्यांची त्याच्याशी ओळख. सौभाग्यवतीने दोनदा तो मोडीत घालण्याचा विषय काढला आणि दोन्ही वेळा मी काही न बोलता तो पुन्हा फळीवर ठेवला. आज त्याविषयी लिहायला बसलो आहे, याला कारण गेल्या पावसाळ्यात वाचनात आलेली एक ओळ. पण आधी तांब्याविषयी सांगितले पाहिजे.

आमचे घराणे निजामी अमदानीत महसुलाच्या नोकरीनिमित्त इकडे आले आणि इथलेच झाले. आपल्या मंडळाच्या बहुतेक सभासदांची कथा थोड्याफार फरकाने हीच असेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठी मुलखाला मिळाले आणि बीदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. आमच्या वडिलांच्या पिढीला उर्दूत शिकून मराठीत विचार करण्याची सवय होती. त्यांच्या मुलांना आता कन्नड शिकणे भाग होते. मी सातवीपर्यंत मराठी शाळेत होतो. आठवीला, म्हणजे १९७४ साली, वडिलांनी मला मिशनच्या हायस्कुलात घातले. शिस्त चांगली, फी थोडी आणि कन्नड शिकल्याशिवाय सरकारी नोकरी मिळणार नाही, ही त्यांची तीन कारणे. घरात यावर आठ दिवस अबोला होता. शेवटी आजीने एका अटीवर संमती दिली. शाळेत काहीही खायचे-प्यायचे नाही. पाणी घरून न्यायचे. तो हा तांब्या.

पहिल्या चाचणीत कन्नडमध्ये मला शंभरापैकी अकरा गुण पडले. कन्नड शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या आतबाहेरच्या, ठेंगण्या, सदैव पांढऱ्या सुती साडीत. वर्गात त्यांना सगळे टीचर म्हणत, आमच्या घरात ‘मिशनच्या बाई’. त्यांनी माझा पेपर हातात देताना एवढेच सांगितले की उद्यापासून शाळा सुटल्यावर मंगलपेठेत माझ्या घरी येत जा. फीचे विचारायला वडील गेले, तेव्हा त्या म्हणाल्या, “आधी त्याला अक्षर लावता येऊ द्या.” तो विषय पुढे तीन वर्षांत कधी निघाला नाही.

मंगलपेठ म्हणजे आमच्या गावातली मेथडिस्टांची वस्ती. चर्च, दवाखाना, शाळा सगळे जवळजवळ. बाईंचे घर दोन खोल्यांचे, समोर ओटा, ओट्यावर एक घडवंची. पहिल्या दिवशी मी तांब्या हातात धरून उभा राहिलो. त्यांनी तांब्याकडे पाहिले, घडवंचीवरचे कपडे उचलून ती मोकळी केली आणि म्हणाल्या, “बा तम्मा, कुंद्रु.” ये बाळा, बस. त्या दिवसापासून घडवंचीची ती कड माझ्या तांब्याची झाली. त्यांचा मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, चुकूनही त्या कडेला हात लावीत नसे. त्याला तसे सांगितले गेले असणार. हे मला तेव्हा कळले नाही. तांब्या ठेवायला जागा आहे, ही गोष्ट मला स्वाभाविक वाटली.

त्यांची शिकवण्याची रीत विलक्षण वगैरे नव्हती. त्या व्याकरणाने सुरुवात करीत नसत, शब्दांनी करीत. अण्णा, अक्का, अप्पा हे तुझ्या घरातले शब्द आमचेच आहेत, अडकित्ताही आमच्याकडूनच घेतलास, मग घाबरतोस कशाला, असे म्हणून त्यांनी मला आधी माझ्याच बोलण्यातले कन्नड दाखवले. जोडाक्षरांत अक्षराच्या पोटाखाली दुसरे अक्षर बसवायचे, ते त्या अंगणातल्या धुळीत बोटाने काढून दाखवीत. चूक झाली की पुसून पुन्हा. दहा वेळा पुसले तरी आवाज चढत नसे. मी नंतर सरकारी खात्यात सदतीस वर्षे काढली, प्रशिक्षणवर्ग घेतले, अनेक अधिकाऱ्यांना समजावून सांगताना पाहिले. अकराव्या वेळेस आवाज न चढवता सांगणारा माणूस मला क्वचितच भेटला.

धडा सुरू करण्यापूर्वी त्या क्षणभर डोळे मिटून घेत. पहिल्या वेळी मला वाटले, दमून डुलकी लागली. ओठ हलत नसत, हात जोडलेले नसत. चारपाच श्वासांएवढा वेळ, की लगेच पुस्तक. तीन वर्षांत त्यांनी मला येशूची एक गोष्ट सांगितली नाही, चर्चमध्ये ये म्हटले नाही, नाताळचे केक-फराळ पुढे केले नाहीत. आजी मात्र रोज संध्याकाळी विचारायची, “काही सांगितलं का रे त्या बाईनं?” मी म्हणायचो, “ओत्तक्षर सांगितलं.” आजीला ओत्तक्षर म्हणजे काहीतरी ख्रिस्ती मंत्र वाटत असावा.

एकदा मीच धीर करून विचारले, फी का घेत नाही म्हणून. त्या हसल्या. म्हणाल्या, “माझे वडील जोडे शिवायचे. त्यांना अंगठा उठवता यायचा, बस. मिशनच्या एका बाईंनी मला वसतिगृहात ठेवून शिकवलं. ते देणं आहे माझ्यावर. त्या तर अमेरिकेला परत गेल्या, वारल्या. आता ते देणं फेडायला तूच सापडलास.” मी हे घरी सांगितले नाही. सांगितले असते तर शिकवणी बंद झाली असती, एवढे मला चौदाव्या वर्षी कळत होते. आमच्या घरच्या तांब्याला ख्रिस्ती धर्माचे कारण नव्हते, किंवा असले तर थोडे. खरे कारण ते जोडे होते. धर्म बदलून दोन पिढ्या झाल्या तरी आमच्या लेखी ते पाणी तेच राहिले होते.

१९७७ चा मार्च. एस.एस.एल.सी.ची परीक्षा तोंडावर. उन्हाचा कडाका आणि मी घाईत तांब्या घरी विसरलो. तासाभराने घशाला कोरड पडली. मी काही बोललो नाही, पण वाचताना आवाज फुटेना. बाईंनी घडवंचीच्या रिकाम्या कडेकडे पाहिले. त्यांच्या घरात पाण्याचा माठ होता, त्यावर ओले फडके होते, तो मला बसल्या जागेवरून दिसत होता. त्यांनी मुलाला हाक मारली आणि पलीकडच्या गल्लीत एका वकिलांच्या घरी पाठवले. वकील आमच्यातलेच. मुलगा दारात उभा राहिला, त्या घरच्या काकूंनी स्वतः पाण्याचा तांब्या आणून ओट्यावर ठेवला, मी प्यालो. काकू तांब्या घेऊन गेल्या. बाईंनी पुस्तकातली ओळ जिथे राहिली होती तिथून पुढे सुरू केली.

त्या रात्री मला जेवण गेले नाही. का, ते सांगता येत नव्हते. आमच्या घरी वडिलांची आत्या होती, बालविधवा, तेव्हा पंचाहत्तरीची. तिला सगळे घर माई म्हणे. माईला अक्षर येत नव्हते, दुपारी मी तिला पोथी वाचून दाखवीत असे. सोवळ्याओवळ्यात ती आजीपेक्षा कडक. म्हणून तिलाच सांगितले, निदान ती पाठ थोपटील या आशेने. माईने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, “प्यायचं होतंस की रे पाणी तिच्या घरचं.”

मी पाहतच राहिलो. ती आपल्याशीच बोलल्यासारखी पुढे सांगू लागली. ती दहाअकरा वर्षांची असताना, कुंकू पुसून वर्ष झाले होते, तेव्हा रेल्वेत नोकरीला असलेले एक मामा गुलबर्ग्याहून आले होते. त्यांनी सांगितले, पंडिताबाईंच्या लेकीने गुलबर्ग्याला शाळा काढली आहे, या पोरीला तिथे ठेवा, चार अक्षरे शिकेल, मास्तरीण होईल. माईचा थोरला भाऊ, म्हणजे माझे आजोबा, फारसी-उर्दू जाणणारे, कचेरीत पेशकार. ते दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “पोर बाटेल. त्यापेक्षा अडाणी राहिलेली बरी.” माई म्हणाली, “मी दाराआड उभी होते. मी म्हटलं नाही काही. म्हणायचं असतं हे ठाऊकच नव्हतं.” मग पोथी मिटून ती उठली.

मला ते खरे वाटले नाही, हे आज कबूल करतो. पंडिता रमाबाई म्हणजे पुणे आणि केडगाव, एवढे मला पाठ्यपुस्तकातून माहीत होते. गुलबर्ग्याशी त्यांचा काय संबंध? म्हातारीने ऐकीव गोष्टींत आपली गोष्ट मिसळली असावी, असे मी ठरवून टाकले. माई १९७९ साली गेली. पुढे नोकरीत गुलबर्ग्याला माझी सहा वर्षे गेली. रोज स्टेशनवरून कचेरीत जात होतो, माईची ती शाळा कधी मनातही आली नाही.

आणि गेल्या पावसाळ्यात रमाबाईंचे एक चरित्र वाचताना ती ओळ आली. १९१२ च्या सुमारास रमाबाईंनी निजामच्या राज्यात गुलबर्गा येथे ख्रिस्ती हायस्कूल काढले, आणि त्याच्या मुख्याध्यापिका होत्या त्यांच्या कन्या मनोरमाबाई. पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलो. माईने एक अक्षर पदरचे घातले नव्हते. वयाचा हिशेबही जुळत होता. केडगाव आणि गुलबर्गा एकाच रेल्वेमार्गावर. पुण्याहून सोलापूरमार्गे रायचूरला जाणारी ही लोहमार्गाची वाट १८७१ पासूनची. रेल्वेतल्या मामांच्या कानावर ती बातमी येणे किती साहजिक होते!

तेव्हापासून मी या मायलेकींविषयी मिळेल ते वाचतो आहे. आपल्या वाचकांना रमाबाई अपरिचित नाहीत, म्हणून सर्व चरित्र सांगत बसत नाही. पण एक गोष्ट आपण सीमेवरच्या मराठी माणसांनी विसरू नये. रमाबाईंचा जन्म, २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातला आहे, सह्याद्रीतल्या गंगामूळचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचे घराणे आपल्यासारखेच, मूळ गाव सोडून कन्नड मुलखात स्थिरावलेले चित्पावन. अनंतशास्त्र्यांनी पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. त्याबद्दल त्यांना उडुपीला पंडितांपुढे उभे राहून शास्त्राधारे आपली बाजू मांडावी लागली. लक्ष्मीबाई पहाटे उजाडण्यापूर्वी मुलीला उठवीत आणि मांडीवर घेऊन संस्कृत श्लोक म्हणवून घेत, कारण दिवसभर घरकामातून वेळ नसे. शिकवणे हे धर्मकार्य आहे, हे रमाबाई ख्रिस्ती होऊन शिकल्या असे मला वाटत नाही. ते त्यांनी त्या पहाटेच्या अंधारातून आपल्याबरोबर नेले.

मग ख्रिस्ती श्रद्धेने त्यांना दिले काय? याचे उत्तर त्यांच्या ‘माझी साक्ष’ या आत्मकथनात आहे. १८८३ साली त्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथे सेंट मेरीच्या भगिनींकडे राहिल्या. लंडनजवळ फुलहॅम येथे या भगिनी पतित म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना आश्रय देऊन कामधंदा शिकवीत. अशा बायकांना शिकवायचे असते, त्यांच्याशी मायेने वागायचे असते, हे रमाबाईंनी प्रथमच पाहिले. त्यांनी विचारले, हे तुम्ही का करता? उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय वाचून दाखवला. शोमरोनी स्त्रीची कथा. यहुदी लोक शोमरोनी लोकांशी व्यवहार ठेवीत नसत, त्यांच्या भांड्याने पाणी पीत नसत. दमूनभागून विहिरीवर बसलेला येशू त्या स्त्रीकडे पाणी मागतो.

हे वाचले आणि मी पुस्तक बाजूला ठेवून देवघरात गेलो. तांब्या खाली काढला, पुसला आणि परत ठेवला. बाईंना ही कथा पाठ असणार. दर वर्षी चर्चमध्ये त्यांनी ती ऐकली असणार. आणि समोर ओट्यावर माझ्या रूपाने ती रोज उलटी बसलेली होती. पाणी न मागणारा एक तहानलेला पोरगा. त्यांनी तो अध्याय मला सांगितला असता तर माझ्याकडे काय उत्तर होते? पण त्यांनी मुलाला वकिलांकडे पाठवले.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरही त्या कुणाच्या मुठीत राहिल्या नाहीत. चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात संस्कृत शिकवीत असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे हिंदुस्थानातल्या बिशपांचे मत पडले. आपण भारतात भर सभेत पुरुषांपुढे व्याख्याने दिली आहेत, आता कुणाची परवानगी कशाला, असा त्यांचा संतप्त सवाल होता. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नको, यावरूनही त्या भांडल्या. मला हा प्रसंग फार आवडतो. देव बदलला, पण अक्षरांवरचा हक्क सोडला नाही.

पण आजोबांचे काय? त्यांना दोष देऊन मोकळे होणे आज सोपे आहे, म्हणूनच ते मला नको आहे. ‘पोर बाटेल’ हे त्यांचे म्हणणे वाऱ्यावरचे नव्हते. ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदासदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. पैसा बोस्टनच्या मंडळाचा, दहा वर्षांच्या हमीचा, आणि अट अशी की सदनात कुठल्याही धर्माचे शिक्षण द्यायचे नाही. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांसारखी माणसे सल्लागार मंडळात होती ती या वचनाच्या भरवशावर. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि खोलीचे दार लावून घेत नसत. मुली येऊन बसू लागल्या. काहींचे मन वळले. ‘केसरी’ने झोड उठवली आणि ऑगस्ट १८९३ मध्ये सल्लागारांनी अंग काढून घेतले. अनेक पालकांनी मुली नेल्या.

या वादात माझे मत कुणाच्याही बाजूला पुरते झुकत नाही. ज्यांनी वचनावर विसंबून मुली ठेवल्या, त्यांना फसल्यासारखे वाटले तर त्यात नवल नाही, आणि रमाबाईंनी ते वचन देताना स्वतःला नीट ओळखले नव्हते असे मला वाटते. पाठात धर्म येऊ देऊ नये, ही अट एखाद्या समितीला घालता येते आणि पाळताही येते. पण घरच्यांनी टाकलेल्या बारा वर्षांच्या विधवेला जी बाई जवळ घेते, आजारपणात उशाशी बसते, तिला बळ कुठून मिळते हे त्या मुलीने पाहूच नये, ही अट कोण पाळणार? दार लावून घेतले असते तर? कदाचित रानडे राहिले असते. माझ्या बाई डोळे मिटून घेत, पण माझ्यासमोर मिटून घेत. त्याही दार लावीत नव्हत्या. मी बाटलो नाही, याचे श्रेय आजीच्या तांब्याला द्यायचे की बाईंच्या संयमाला, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आजोबांच्या विरुद्ध बाजूला एक मोठा पुरावा मात्र उभा आहे. शारदासदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे देवरुखची गोदूबाई जोशी. आठव्या वर्षी वैधव्य आलेले. तिचा भाऊ नरहरपंत याने तिला स्वतः नेऊन तिथे घातले. ती तिथे शिकली, बाटली नाही, आणि १८९३ साली, ज्या वर्षी तो गदारोळ झाला त्याच वर्षी, नरहरपंतांचे मित्र धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. पुढे १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. आपल्या समाजातल्या स्त्रीशिक्षणाच्या एका मोठ्या धारेचा उगम असा एका ख्रिस्ती बाईच्या घरात सापडतो. नरहरपंतांना आजोबांहून निराळी भीती होती असे नाही. बाटण्याची भीती त्यांनाही असणारच. १८८९ साली एक भाऊ ती भीती घेऊन बहिणीला दारापर्यंत सोडून आला. १९१३ साली दुसरा भाऊ तीच भीती घेऊन दारात आडवा राहिला. दोघेही बहिणीवर माया करणारे होते. माई आजोबांविषयी कधी वाकडा शब्द बोलली नाही.

मनोरमाबाईंविषयी फार थोडे लिहिले गेले आहे, याची खंत वाटते. आईने निदान स्वतः धर्म निवडला होता. मुलीचा बाप्तिस्मा झाला तेव्हा ती दोन वर्षांची. बालपण इंग्लंडात, आईपासून दूर, भगिनींच्या देखरेखीखाली. पुढचे काही शिक्षण अमेरिकेत. १९०० साली ती परत आली. त्या वेळी केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातून आणलेल्या मुलींची संख्या दोन हजारांच्या घरात पोहोचली होती. तिथे छापखाना होता, माग होते, तेलघाणा होता, गोठा होता, आणि सगळीकडे बायकाच काम करीत होत्या. मनोरमाबाई आंधळ्यांची ब्रेल लिपी शिकून आल्या होत्या. ती त्यांनी मुक्तिसदनातल्या अंध मुलींना शिकवली. बोटांच्या टोकांनी मराठी वाचणाऱ्या त्या मुलींचे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहा. आमच्या घरात डोळे धडधाकट असलेली माई होती.

आणि मग गुलबर्गा. निजामच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू होती, १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. गुलबर्ग्यात १९०७ साली नूतन विद्यालय निघाले होते, ही आपल्या लोकांची मोठीच कामगिरी. पण माईसारख्या मुलीला, केशवपनाची टांगती तलवार डोक्यावर असलेल्या मुलीला, राहती जागा, जेवण आणि अक्षर एकत्र देणारे घर आपल्यापैकी कुणी काढले होते? तेव्हा त्या गावात हे करायला आली ती एक मुंबई इलाख्यातली तिशीतली अविवाहित बाई, बंगाली बापाची आणि कर्नाटकात जन्मलेल्या मराठी आईची मुलगी. ती २४ जुलै १९२१ रोजी, चाळिसाव्या वर्षी, वारली. आईचे काम हीच पुढे चालवणार, असे सारे धरून चालले होते. हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम हातावेगळे करीत असलेली आई त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी गेली.

२०१७ च्या ऑक्टोबरात बीदर-कलबुर्गी रेल्वे सुरू झाली. माईच्या वेळी जिथे बैलगाडीने मुक्काम करीत जावे लागे, तिथे आता सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. मी निवृत्तीवेतनाच्या एका कामासाठी मध्यंतरी त्या गाडीने गेलो. माझ्या समोरच्या बाकावर गणवेशातल्या तीन मुली हुमनाबादला चढल्या, आणि एक दुसरीला कन्नडमधला धडा मराठीत समजावून सांगत होती. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

बाईंच्या घरी मी पाणी प्यालो की नाही, हे सांगायचे राहिले. परीक्षेत मला कन्नडमध्ये अठ्ठ्याहत्तर गुण मिळाले. पेढे घेऊन गेलो तेव्हाही तांब्या बरोबर होता, सवय म्हणून. पुढे पदवी, स्पर्धापरीक्षा, आणि १९८४ साली महसूल खात्यात नेमणूक. नेमणुकीचे पत्र घेऊन मी मंगलपेठेत गेलो. हात मोकळे होते. मनाशी ठरवून गेलो होतो. काय बोलायचे तेही ठरवले होते, माईचे नाव घ्यायचे होते, त्या मार्चमधल्या दुपारची क्षमा मागायची होती. बाई आता निवृत्त झाल्या होत्या, केस पांढरे झाले होते. ओट्यावर एक आठवीतला मुलगा वही घेऊन बसला होता.

मी म्हणालो, “टीचर, पाणी द्याल का?”

त्यांनी आत जाऊन माठातले पाणी स्टीलच्या पेल्यातून आणले, माझ्या हातात दिले आणि पेला माझ्या ओठांशी जायच्या आत त्या मुलाकडे वळून म्हणाल्या, “हा बघ, हा आता महसूल खात्यात आहे.” मग माझ्याकडे पाहून, “बरं झालं आलास. याचा जातीचा दाखला दोन महिने अडकलाय. शिष्यवृत्तीची मुदत शुक्रवारी संपते. तुझ्या कचेरीत कुणाला भेटावं लागेल?”

मी पेला रिकामा केला, खिशातून पेन काढले आणि त्या मुलाचा अर्ज मांडीवर घेऊन बसलो.